पुस्तकं कपाटात, पोरं दारात!

आमचं बाळापूर म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, मन आणि म्हैस नद्यांच्या मधला किल्ला, आणि दुसरी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. (पारसचं थर्मल आमच्याच तालुक्यात आहे, पण ते फक्त इलेक्ट्रिकलवाल्यांना आठवतं!) तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. जुन्या काळी बाळापुरात हातकागद तयार व्हायचा आणि ‘बाळापुरी कागद’ म्हणून ओळखला जायचा.

अशा कागदाच्या गावात वाढूनही मी मराठीत चार ओळी लिहायला घाबरते, कारण मी कॉन्व्हेंटची. आमच्या वऱ्हाडात इंग्रजी शाळा कुठलीही असो, तिला ‘कॉन्व्हेंट’च म्हणतात. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक सरांनी पोटात घालाव्यात ही विनंती!

विषय आहे शाळा आणि ग्रंथालय. विषय जरा जड वाटेल, म्हणून घरच्या गोष्टीपासूनच सुरुवात करते.

माझा चुलतभाऊ माझ्याहून फक्त सहा दिवसांनी मोठा. घर एकच, मधे एक भिंत. माझे बाबा नोकरीत, काका खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतीत. मी ऑटोत बसून कॉन्व्हेंटला जायची, तो पायी मराठी शाळेत. गणितात तो माझ्या कितीतरी पुढे होता. आठवीपर्यंत माझी बेरीज-वजाबाकीची भांडणं त्यानेच सोडवली! पण अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत आलं आणि हा गडी अडकला. दहावीपर्यंत ‘त्वरण’ शिकलेल्या मुलासमोर ‘अ‍ॅक्सिलरेशन’ आलं, ‘संवेग’चं ‘मोमेंटम’ झालं. एकदा मला म्हणाला, “मले गणित येते वं, पण तो प्रश्न काय विचारून रायला तेच समजत नाही.”

बारावीला मार्क कमी पडले, एक वर्ष गेलं. आज मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि तो दुसऱ्या. त्याचं वर्ष फिजिक्सने खाल्लं नाही, शब्दांनी खाल्लं.

सारखं आणि न्याय्य

आता कुणी म्हणेल, दोघांना पुस्तक एकच, पेपर एकच, वेळ एकच, मग अन्याय कुठे झाला? गंमत इथेच आहे. सगळ्यांना सारखं देणं आणि ज्याला जे कमी आहे ते देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होस्टेलच्या मेसमध्ये सगळ्यांना दोनच पोळ्या वाढल्या तर ते ‘सारखं’ होईल, पण सकाळपासून वर्कशॉपमध्ये जॉब घासून आलेला मुलगा उपाशीच उठेल!

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान बारा वर्षांपर्यंत, असं त्यांनी मागितलं. सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि तो येतो मात्र कष्टकऱ्यांच्या करातून, ही त्यांची तक्रार होती. पुढे शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. देशभराचा शिक्षणहक्क कायदा यायला मात्र २००९ साल उजाडलं आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे फुल्यांच्या मागणीनंतर सव्वाशे वर्षांहून जास्त!

आपल्या वऱ्हाडाचं सांगायचं तर डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव घ्यावंच लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. विलायतेत शिकून आला आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्यांनी आधी ओळखलं ते हे, की खेड्यातल्या मुलाला नुसती शाळा पुरत नाही, त्याला शहरात राहायला जागा लागते. म्हणून सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय निघालं. आज शेतकरी-मजुरांच्या मुलांना जो वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो, त्या योजनेला त्यांचंच नाव आहे. तेव्हा होस्टेलकरहो, आपली खोली म्हणजे नुसती झोपायची जागा नाही, तोही शिक्षणातल्या न्यायाचाच एक भाग आहे. (खोलीतले ढेकूण त्यात धरलेले नाहीत!)

शाळा सुटली, पाटी फुटली?

शाळा अक्षर शिकवते, पण शाळा सुटल्यावर त्या अक्षराचं काय होतं? हा प्रश्न बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांना पडला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातला हा मुलगा दत्तक जाऊन राजा झाला. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते संपूर्ण संस्थानात नेलं. पण वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेला माणूस पुन्हा निरक्षर होतो. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि गावोगावी ग्रंथालयं काढली. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जायच्या. वाचून झालं की पेटी पुढच्या गावाला! आपल्या भाषेत सांगायचं तर शाळा म्हणजे बॅटरी चार्ज करणं आणि ग्रंथालय म्हणजे ती उतरू न देणं. याच सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, हेही विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. आपल्याकडे गावातली संस्था वाचनालय चालवते आणि सरकार अ, ब, क, ड असा दर्जा ठरवून अनुदान देते. पद्धत चांगली आहे, कारण वाचनालय गावाचं राहतं. पण चालवणारे उत्साही नसले तर नुसती पाटी उरते.

याचा अनुभव आमच्या भाऊरावांनी घेतला. कुणीतरी त्याला सांगितलं, की राज्य सरकारने विषयवार परिभाषा कोश काढलेत, त्यात इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्द असतो. तो गावापासून लांब एका वाचनालयात गेला. कोश होता! काचेच्या कपाटात दिसतही होता. पण कपाटाला कुलूप. “किल्ली सायबापाशी हाय, उद्या या.” असे तीन ‘उद्या’ झाले. चौथ्या दिवशी किल्ली मिळाली. मग त्याने शंभर पानी वहीत रोज वीस शब्द उतरवून घेतले. ती वही आजही त्याच्याकडे आहे. एका वहीने अडलेलं फिजिक्स सुटलं. पण विचार करा, तिसऱ्या दिवशी कंटाळून तो गेलाच नसता तर?

एका गणिताच्या सरांची गोष्ट

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ म्हणत होते! मग लंडनला गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि कायमचे त्यातलेच झाले. लंडनच्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी पद्धत सुचली, म्हणजे डोकं आपल्यासारखंच इंजिनिअरचं!

१९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. माझ्या शब्दांत सांगते. पुस्तक वापरण्यासाठी आहे, जपून ठेवण्यासाठी नाही. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. वाचकाचा वेळ वाचवा. आणि ग्रंथालय वाढत राहणारं असतं. ‘किल्ली सायबापाशी’ या एका वाक्यात यातले किती नियम मोडतात ते तुम्हीच मोजा.

आणि नियम फक्त ग्रंथपालच मोडतात असंही नाही बरं का! रेफरन्स बुकमधली सोडवलेल्या उदाहरणांची पानं फाडणारे, दुसऱ्याला मिळू नये म्हणून पुस्तक भलत्याच रॅकमध्ये लपवणारे आपणच असतो. ज्याला नवं पुस्तक परवडतं त्याचं काही बिघडत नाही. फाडलेलं पान जातं ते बुक बँकेवर शिकणाऱ्याच्या ताटातून.

नीट शिकणं म्हणजे काय?

पुस्तक हातात आलं, आता ते डोक्यात कसं जाणार? इथेही थोडं शास्त्र आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वेगळी बसवायची आणि वस्तीतल्याच एका शिकलेल्या मुलीने त्यांना वाचन-गणिताच्या पायापासून शिकवायचं. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तात्पर्य काय, तर मुलगा कितवीत आहे हे पाहून शिकवू नका, तो कुठे अडलाय ते पाहून शिकवा.

दुसरा प्रयोग आपल्या पीएलसाठी! २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे आदल्या रात्री नोट्स पाचव्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून पाहणं जास्त कामाचं.

आपण काय करू शकतो?

मोठमोठ्या गप्पा पुष्कळ झाल्या. मला तीनच गोष्टी सुचतात. सेमिस्टर संपली की जुनी पुस्तकं रद्दीत न घालता होस्टेलच्या स्टडी हॉलमध्ये एका उघड्या रॅकवर ठेवू. त्याला कुलूप नको, फक्त एक वही आणि पेन. दुसरं, मराठी आणि उर्दू माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एक तास सीनिअर्सनी द्यावा. विषय शिकवायला नको, फक्त प्रश्न काय विचारतोय तेवढं सांगायचं. तिसरं, परीक्षेच्या काळात रीडिंग रूम रात्री थोडी उशिरापर्यंत उघडी राहावी, ही स्टाफला नम्र विनंती. खोलीत चौघं असले की अभ्यास कसा होतो, ते रेक्टर सरांना माहीतच आहे!

मागच्या महिन्यात आमचा भाऊराव घरी आला तेव्हा शेजारचा अकरावीतला मुलगा त्याच्याकडे आला होता. त्याने ती शंभर पानी वही मागितली. भावाने लगेच दिली आणि म्हणाला, “ने. पण वापस आणजो, अजून कोनाले तरी लागन.”

रंगनाथनांचं नाव त्याने ऐकलेलं नाही, पण नियम त्याला पाठ आहेत. बघा, पटतंय का!