त्रैकूटकांचीं रौप्यनाणीं व त्यांवरील डोंगर

डहाणुका, दमणा, पारादा इत्यादि नद्यांवर उषवदातानें फुकट नावांची सोय केल्याचा उल्लेख नाशिक येथील दहाव्या लेण्याच्या लेखांत आहे. नरपड-डहाणूपासून पारडीपर्यंतचा हा किनारा तेव्हां क्षत्रपांच्या अमलाखालीं होता. पुढें इसवी सनाच्या पांचव्या शतकांत येथें त्रैकूटकांचें राज्य झालें. त्यांनीं क्षत्रपांच्याच धर्तीचें रौप्यनाणें चालू ठेविलें. आणि संग्राहकाची फसगत होते ती नेमकी येथें.

नाणें लहान असून वजन सुमारें दोन ग्रॅम भरतें. एका बाजूस उजवीकडे पाहणारें राजाचें मस्तक, दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, त्याखालीं नागमोडी रेघ व सभोंवार ब्राह्मी अक्षरें. त्रिकूट म्हणजे तीन शिखरांचा पर्वत. तेव्हां हा डोंगर म्हणजेच त्रिकूट, असें कोणासही सहज वाटेल. अनुमान मोहक आहे, परंतु तें टाकून दिलें पाहिजे. हाच डोंगर चष्टनापासून पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर आहे, आणि सातवाहनांच्या नाण्यांवरही तो आढळतो. त्रैकूटकांनीं तो उसना घेतला. मस्तकांतही दह्रसेनाचा चेहरा शोधूं नये. तीहि जुन्या छापाची उतरती नक्कल आहे.

नाण्यावर वंशाचें नांव मुळींच नाहीं. तें पुरविलें ताम्रपटांनीं. पारडी येथील दह्रसेनाचा ताम्रपट कलचुरि संवत् २०७ चा, म्हणजे इ. स. ४५६-५७ च्या सुमाराचा. त्यांत तो स्वतःस त्रैकूटक म्हणवितो व अश्वमेध केल्याचें सांगतो. सुरतेचा व्याघ्रसेनाचा ताम्रपट सं. २४१ चा आहे. त्रिकूट पर्वत कोणता, हा वाद निराळा. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत अपरान्त जिंकणाऱ्या रघूकरवीं त्रिकूटालाच जयस्तंभ करविलें आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नर सुचविलें. भोगशक्तीच्या अंजनेरी ताम्रपटांत ‘पूर्वत्रिकूट’ विषय येतो, त्यामुळें मिराशींनीं तो नाशिककडे ओढला. मला मिराशींचें मत अधिक ग्राह्य वाटतें. या वादांत नाण्यावरील डोंगराची साक्ष मात्र काढूं नये.

मग नाण्याचें मोल कशांत? अक्षरांत. दह्रसेनाच्या नाण्यावर ‘महाराजेन्द्रदत्तपुत्र परमवैष्णव श्रीमहाराज दह्रसेन’ असा लेख आहे. पहिल्या पदांत ‘महाराज’ व ‘इन्द्रदत्त’ यांचा संधि आहे. तो न ओळखणारा ‘महाराजेन्द्र’ असें बिरुद व ‘दत्त’ नांवाचा बाप कल्पून बसेल. या इन्द्रदत्ताचें नांव आपणांस कळतें तें पुत्राच्या या नाण्यांवरूनच. हीं अक्षरें गेलीं तर एक राजा इतिहासांतून गेला!

आणि तीं फार सहज जातात. साचा मोठा व चकती लहान, यामुळें कांठावरील लेख एका नाण्यावर क्वचितच पुरा उमटतो. शेवटचें नांव ‘दह्रसेन’ कीं ‘दह्रगण’, हा पाठभेद तेवढ्यामुळेंच झाला. रॅप्सनची १९०८ ची ब्रिटिश म्यूझियमची सूची जवळ ठेवून तीनचार नाणीं शेजारीं मांडावीं. एकावर तुटलेलें अक्षर दुसऱ्यावर सांपडतें. ‘दह्रसेनपुत्र’ एवढें जरी वाचतां आलें, तरी नाणें व्याघ्रसेनाचें हें ठरतें. नाण्यावर वर्ष नसतें, म्हणून सांपडल्याचें ठिकाण व सोबतचीं नाणीं यांची नोंद अवश्य करावी. एकाच संचांतील ‘जोड’ नाणीं विकून टाकण्याची चाल तर घातकच होय.

काळवंडलेलें नाणें चिंचेनें वा तेजाबानें उजळूं नये. कांठाचीं अक्षरें आधीं झिजतात. जमिनींत पुरलेला निधि दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्यानें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. तेथें देण्यापूर्वीं प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र व वजन टिपून घ्यावें.