शाळेचं वीजबिल: पंखे विकण्याआधी बिल वाचायला शिका



मागच्या व्हिडिओखाली एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. "सर, सरकारी शाळांमध्ये वीजबचतीचं काम करायचंय. एलईडी, कमी विजेचे पंखे, सोलर. यात धंदा आहे का?"

धंदा आहे, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझं स्वतःचं इलेक्ट्रिकल साहित्याचं दुकान आहे आणि या कामात मी सुरुवातीलाच तोंडावर पडलोय. आधी तोच किस्सा ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

माझी चूक: चार पंखे आणि १४० रुपये

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलीच एक दोन खोल्यांची जिल्हा परिषद शाळा. गावाच्या मुंबईकर मंडळाने शाळेसाठी थोडे पैसे काढले होते. मी ब्रोशर घेऊन पोचलो आणि बाईंना सांगितलं, "बाई, जुने पंखे काढा, बीएलडीसी बसवा. वीज निम्म्याहून कमी लागेल." चार पंखे बसवले, १२ हजारांचं बिल केलं आणि खूश होऊन घरी आलो.

दोन महिन्यांनी बाईंचा फोन. "दादा, तुम्ही तर निम्मं म्हणाला होतात. ९३० चं बिल ७९० झालंय."

माझी बोलती बंद. पंखा निम्म्याहून कमी वीज खात होता हे खरंच होतं. पण बिल म्हणजे फक्त पंखा नव्हे. त्यात स्थिर आकार असतो, तो पंखा बंद ठेवला तरी लागतो. महिन्याला १४० रुपये, सुट्ट्या सोडून वर्षाचे १० महिने धरले तर १,४०० रुपये. म्हणजे १२ हजार वसूल व्हायला साडेआठ वर्षं! त्यात बीएलडीसी पंखा रिमोटवर चालतो. वर्षभरात दोन रिमोट हरवले. एक बाईंच्या कपाटात कुलूपबंद होता आणि बाईंची बदली झाली, तेव्हा चावी शोधण्यात आठवडा गेला.

वस्तूत खोट नव्हती. खोट माझ्या विचारात होती. मी बिल न वाचता वस्तू विकली होती.

आधी गणित, मग स्वप्न

आता एक चार खोल्यांची शाळा धरू. ८ पंखे, ८ जुन्या ट्यूबलाइट, वर्षाला साधारण २२० दिवस शाळा. दर सोयीसाठी युनिटला ७ रुपये धरतो. तुम्ही मात्र समोरच्या बिलातलाच दर घ्या.

पंखे: जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी सुमारे ३० वॅट. रोज ५ तास धरले तर ८ पंख्यांमागे वर्षाला ३९६ युनिट वाचतात, म्हणजे सुमारे २,७७० रुपये. खर्च पंख्याला ३ हजार धरून २४ हजार. वसुलीला साडेआठ वर्षांच्या वर.

दिवे: जुनी ट्यूब चोकसकट सुमारे ५० वॅट, एलईडी ट्यूब २० वॅट. आपल्याकडे पावसाळ्यातल्या अंधाराचे दिवस जास्त, तरी सरासरी रोज ३ तास धरा. वर्षाला सुमारे १५८ युनिट, म्हणजे १,१०० रुपये. खर्च २ हजारांच्या आसपास. वसुली दोन वर्षांच्या आत.

आता माझ्यासारखी घाई करू नका. चालू पंखा काढून नवा बसवू नका. पंखा जळला, आता नवा घ्यावाच लागणार आहे, अशा वेळी बीएलडीसी सुचवा. मग खर्च फक्त दोन पंख्यांच्या किमतीतला फरक. तो १,४०० रुपये धरला आणि एका पंख्यामागे वर्षाला साडेतीनशे वाचले, तर चार वर्षांत पैसे वसूल. वस्तू तीच, फक्त वेळ बदलली की गणित बदलतं.

आता धंद्याच्या बाजूने बघा. एका छोट्या शाळेची पूर्ण बचत वर्षाला तीन-चार हजार. त्यातून शाळेने तुम्हाला किती द्यायचे? म्हणूनच "एक शाळा, एक मोठी ऑर्डर" हे डोक्यातून काढा. अनेक शाळा, छोटी फी, दर महिन्याला नोंद. हे झालं ऊर्जा व्यवस्थापन. बाकी सगळी नुसती विक्री.

कार्यक्रम कसा सुरू करायचा? पाच पायऱ्या

*१. बारा महिन्यांची बिलं आणि एक वही.*

मुख्याध्यापकांकडून वर्षाची बिलं मागा. पाच गोष्टी वहीत उतरवा: युनिट, रीडिंगची स्थिती, दरवर्ग, मंजूर भार आणि थकबाकी.

दरवर्ग नीट बघा. महावितरणच्या दरपत्रकात सरकारी शाळा आणि रुग्णालयांसाठी सार्वजनिक सेवेचा वेगळा वर्ग आहे. कनेक्शन दुकानाच्या म्हणजे वाणिज्यिक वर्गात पडलं असेल, तर एकही दिवा न बदलता बिल कमी होऊ शकतं. अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने जातो. तुम्ही फक्त कागद तयार करून द्या.

मे महिन्याचं बिल वेगळं काढा. शाळा बंद, तरी युनिट मार्चइतकेच? मग एक तर बिल सरासरीने येतंय, नाहीतर वीज कुठेतरी जातेय. दोन्हींत तुमचं काम आहे.

*२. एक तासाची फेरी.*

प्रत्येक खोलीत काय आहे, किती वॅटचं आहे, किती तास चालतं ते लिहा. मग मेन स्विच चालू ठेवून बाकी सगळी बटणं बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. लुकलुकतोय? मग वायरिंगमध्ये गळती आहे किंवा एखादी लाइन दुसरीकडे गेलेली आहे.

हाच लाल दिवा तुमचं फुकटचं यंत्र आहे. मीटरवर एका युनिटला किती ठोके ते छापलेलं असतं. समजा ३,२०० आहेत आणि एका मिनिटात १६ वेळा दिवा लुकलुकला, तर त्या क्षणी ३०० वॅट भार चालू आहे. एक-एक खोली चालू करत मोजा. गुरुजी आणि मुलं दोघंही बघत राहतात!

*३. आधी बिनखर्चाची कामं.*

चुकीचा दरवर्ग, सरासरी बिल, गरजेपेक्षा जास्त मंजूर भार, न वापरलेलं दुसरं कनेक्शन. मग खिडक्या. कितीतरी वर्गांत खिडकीसमोर कपाट ठेवलेलं असतं आणि दिवसाढवळ्या ट्यूब चालू. कपाट हलवायला पैसे लागत नाहीत.

*४. सुरक्षितता.*

आपल्या कोकणात खारी हवा आणि चार महिने पाऊस. कौलांतून गळणारं पाणी बोर्डात उतरतं, टर्मिनल गंजतात, अर्थिंगचा पत्ता नसतो. बचतीच्या नादात हे विसरलात आणि एखाद्या लेकराला शॉक लागला, तर कुठल्या तोंडाने गावात जाणार? वहीच्या पहिल्या पानावर अर्थिंग आणि ईएलसीबी लिहा, एलईडी नंतर.

वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. तुमच्याकडे परवाना नसेल, तर अशा माणसाशी लेखी भागीदारी करा. आणि ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची परीक्षा दिल्याशिवाय कार्डावर "ऊर्जा लेखापरीक्षक" छापू नका. "वीजबिल व वायरिंग तपासणी सेवा" हे नाव पुरेसं आहे आणि खरंही आहे.

*५. दर महिन्याची नोंद.*

मीटरचं रीडिंग मुलांना घ्यायला लावा. सहावी-सातवीची मुलं दर सोमवारी आकडा लिहितात, महिन्याचा स्तंभालेख काढतात. गणिताचा तास होतो आणि दिवा बंद करायची सवय मोठ्यांनाही लागते. १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी हा आलेख गावासमोर लावा. तुमची याहून चांगली जाहिरात कुठली?

पैसे कोण देणार?

सगळे इथेच अडखळतात. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. कोकणातल्या कितीतरी वाडीवरच्या शाळांचा पट तिशीच्या आत आहे. त्यांच्याकडे १२ हजारांचे पंखे मागणं म्हणजे काय, ते आता मला कळतंय.

म्हणून तीन दारं लक्षात ठेवा.

पहिलं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने ती शाळेत असतेच. एकट्या मुख्याध्यापकांना गाठू नका, समितीच्या बैठकीत पाच मिनिटं मागा. बदली मुख्याध्यापकांची होते, समिती गावातच राहते.

दुसरं, ग्रामपंचायत. ग्रामसभेच्या आराखड्यात शाळेचं काम घालायचं असेल तर वर्षाच्या सुरुवातीला पाठपुरावा करा. मार्चअखेर धावून उपयोग नाही.

तिसरं, आपले चाकरमानी. मुंबईकर मंडळं शाळेला टीव्ही देतात, संगणक देतात. पण त्यांचं बिल कोण भरणार, हे कुणी विचारत नाही. गणपतीला गावात आलेल्या मंडळींसमोर एका पानाचा हिशोब ठेवा: अर्थिंग इतकं, ट्यूब इतक्या, वर्षाची बचत इतकी. हिशोब स्पष्ट असला की देणारा हात आखडत नाही.

एकटी शाळा महाग, तीस शाळा स्वस्त

देशपातळीवरचं उदाहरण बघा. ईईएसएल या सरकारी कंपनीने उजाला योजनेसाठी एलईडी बल्ब एकगठ्ठा विकत घेतले. २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना मिळणारा बल्ब २०१७ पर्यंत ३८ रुपयांवर आला. अनेकांची मागणी एकत्र आली आणि भाव कोसळला. २०१७ मध्ये आपल्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागानेही याच कंपनीशी करार केला. सरकारी इमारतींत कमी विजेचे दिवे आणि पंखे बसवायचे, खर्च आधी कंपनीने करायचा आणि बचतीतून तो फेडायचा.

कंपनीसारखे खर्च आधी आपल्या खिशातून करू नका. आपल्याला ते झेपणार नाही. पण मागणी एकत्र करणं झेपतं. एका केंद्रातल्या शाळा घ्या, केंद्रप्रमुखांना भेटा, सगळ्यांच्या ट्यूब एकाच वेळी मागवा. शाळांना भाव चांगला मिळतो आणि तुमची गाडी एका फेरीत पाच शाळा करते.

शाळेला वर्षाला १,५०० रुपये फी लावली तर ४० शाळांचे ६० हजार. पेट्रोल वजा करा. यावर घर चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. हे दुकानाच्या जोडीचं काम आहे. खरी कमाई त्या ओळखीतून येते: वायरिंगची दुरुस्ती, पंप, गावातली घरं. आणि मग मोठ्या इमारती. संस्थांची हायस्कूलं, वसतिगृहं, संगणक कक्ष असलेली कॉलेजं. तिथे बिल मोठं असतं आणि पाण्याचा पंप तासन्‌तास चालतो. तीच वही तिथे दहापट उपयोगी पडते.

आणि सोलर?

विचारणारच तुम्ही! २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे. तिचं अनुदान दाखवून शाळेला सोलर विकू नका. दुसरं म्हणजे, ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हा, मे महिन्यात, शाळा बंद असते. त्यामुळे नेट मीटरिंगचा हिशोब आधी मांडा. तिसरं, ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात छपरं कशी उडाली ते आपण पाहिलंय. जुन्या कौलारू छपरावर पॅनेल चढवण्याआधी इंजिनिअरला विचारा.

आपल्याच जिल्ह्यात पोफळीला कोयनेची वीज तयार होते, जयगडला १,२०० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तरी वाडीवरच्या शाळेत बिल भरायला पैसे नाहीत म्हणून पंखा बंद राहतो. हा प्रश्न एका दुकानदाराने सुटणार नाही. पण आपल्या पंचक्रोशीतली बिलं तरी आपण बरोबर करू शकतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही जिथे शिकलात त्या शाळेत जा. काहीही विकू नका. बारा बिलं बघा, मे महिन्याचे युनिट वेगळे लिहा आणि सगळी बटणं बंद करून मीटरचा दिवा बघा. काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलीच दोन-तीन उदाहरणं घेऊन फीचं कोटेशन कसं बनवायचं ते शिकू.

आणि हो, त्या चार पंख्यांच्या शाळेत मी परत गेलो. माफी मागितली, अर्थिंग स्वखर्चाने करून दिलं. आता तिथल्या नव्या बाईंनीच केंद्रातल्या आणखी सहा शाळांना माझा नंबर दिलाय.

भेटूया पुढच्या भागात!