पुसद : एका तालुक्यातून राज्याचा मागोवा

पूस नदीकाठचे पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १९०५ पासून आजपर्यंत या तालुक्याचा जिल्हा एकदा बदलला आणि राज्य तर त्याहून जास्त वेळा. याच तालुक्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले आणि राज्याच्या दिनदर्शिकेत दोन दिवसांची भर घातली. महाराष्ट्राची ओळख सांगताना मुंबई, पुणे आणि सह्याद्री यांच्यावरच भर दिला जातो. राज्याच्या जडणघडणीत पुसदचा वाटा मात्र पुसदबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो.

वऱ्हाड प्रांत निजामाने १८५३ च्या तहानुसार इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर पैनगंगेच्या उत्तरेला इंग्रजी अंमल आणि दक्षिणेला निजामाचा, अशी स्थिती जवळपास शंभर वर्षे टिकली. पुसद तेव्हा बासीम, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात होते. १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडण्यात आला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळला जोडले गेले. वाशीमला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळाला तो १ जुलै १९९८ रोजी, पण पुसद यवतमाळमध्येच राहिले.

१९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी वऱ्हाडापुढे एक साधी अडचण होती. मीठ तयार करायला इथे समुद्र नव्हता. मग कायदा मोडायचा तो कोणता? उत्तर जंगलात सापडले. राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापणे हा गुन्हा होता आणि गुरे राखणाऱ्या प्रत्येक घराला त्या नियमाचा जाच माहीत होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या जंगलात विळ्याने गवत कापून सत्याग्रह केला. त्यांना अटक झाली, शिक्षाही झाली. मिठाच्या जागी गवत घेण्याची ही युक्ती शेतकऱ्याला चटकन पटणारी होती आणि जंगल सत्याग्रहाचे लोण मध्य प्रांत-वऱ्हाडात झपाट्याने पसरले. अणे मूळचे याच जिल्ह्यातल्या वणीचे. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले.

पुसदजवळच्या गहुली या बंजारा तांड्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. नागपूरला कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी पुसदला वकिली सुरू केली. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये पुसदमधून ते आमदार झाले, पण ते मध्य प्रदेश विधानसभेचे. त्या राज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७ मध्ये नाईक मुंबई विधानसभेत निवडून गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १९६२ ची निवडणूक महाराष्ट्र विधानसभेची होती. मतदारसंघ पुसदच, उमेदवारही तोच, आणि दहा वर्षांत विधानसभा मात्र तीन राज्यांच्या! राज्य पुनर्रचनेचा काळ समजावून सांगायला याहून बोलके उदाहरण मिळणे अवघड आहे.

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच निधन झाले. काही दिवस बाळासाहेब सावंत यांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. सर्वाधिक काळ मुख्यमंत्री राहण्याचा त्यांचा विक्रम अजून कायम आहे. विधानसभेची पाच वर्षांची मुदत पूर्ण करणारे ते राज्याचे पहिले मुख्यमंत्री. नंतर ही गोष्ट थेट २०१४ ते २०१९ या काळात देवेंद्र फडणवीस यांना साधली.

त्यांचे एक मोठे काम मुख्यमंत्री होण्याआधीचे आहे. महसूलमंत्री असताना १९६० मध्ये नेमलेल्या लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे ते अध्यक्ष होते. ही समिती ‘नाईक समिती’ म्हणूनच ओळखली जाते. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत ही तीन पायऱ्यांची रचना तिच्या शिफारशींवर उभी राहिली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने विकासाची मुख्य मदार गटपातळीवर ठेवली होती. नाईक समितीने ती जिल्ह्यावर ठेवली आणि जिल्हा परिषदेला खरोखरचे अधिकार आणि पैसा दिला. महाराष्ट्रातले कितीतरी नेते याच शिडीने वर आले.

शेती हा नाईकांच्या जिव्हाळ्याचा विषय. देशात धान्यटंचाई असताना १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर केले की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी. संकरित ज्वारीचा प्रसार, विहिरी आणि पाझर तलाव यांवर त्या काळात मोठा जोर होता. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात, त्यांच्याच कारकिर्दीत निघाली. परभणीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिची मांडणी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम देणे ही सरकारची कायदेशीर जबाबदारी, असे म्हणणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. यासंबंधीचा कायदा १९७७ चा, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. योजनेला पैसा मिळावा म्हणून नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, म्हणजे मुंबईच्या पगारातून कापलेल्या रकमेवर दुष्काळी गावातली खडी फोडली जात होती. संपूर्ण देशासाठी असा कायदा व्हायला २००५ साल उजाडले. कापूस एकाधिकार खरेदी योजनाही १९७२ चीच. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात तिचा परिणाम घराघरात पोचला, कारण शेतकऱ्याचा सारा कापूस सरकारच खरेदी करू लागले.

वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक हेही गहुलीचेच. गावाचे सरपंच, मग पंचायत समिती, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, असे टप्पे पार करत ते वर आले आणि जून १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. काकांच्या समितीने सुचवलेल्या तिन्ही पायऱ्या पुतण्याने अशा पायाखाली घातल्या. मुंबईच्या दंगलींनंतर १९९३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले आणि त्या दोन वर्षांची आठवण बहुतेकांना दंगलींमुळेच राहिली. जलसंधारणाला स्वतंत्र खाते त्यांच्याच काळात मिळाले, याकडे मात्र दुर्लक्ष होते. पाऊस जिथे पडतो तिथेच मुरवायचा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती करत यायचे, हा विचार कोरडवाहू वऱ्हाडातल्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. १० मे २००१ रोजी सुधाकररावांचे निधन झाले. तो दिवस जलसंधारण दिन म्हणून पाळतात.

राज्याची मानचिन्हे पुसदहून पाहिली तर बरीच दूरची वाटतात. राज्यप्राणी शेकरू भीमाशंकरला किंवा गडचिरोलीच्या जंगलात दिसतो. नीलवंत फुलपाखरू हे मुख्यतः सह्याद्रीच्या ओलसर रानातले. २०१५ मध्ये ते राज्य फुलपाखरू ठरले, आणि असे फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे पहिलेच राज्य होते. २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही कांदळवनाची जात राज्याचा कांदळवृक्ष झाली, तोही देशातला पहिला मान. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरला. राज्यवृक्ष आंबा सगळीकडचा. राज्यपक्षी हरियाल मात्र पुसदच्या परिसरातला आहे. वड, पिंपळ, उंबर फळांनी लगडले की हरियालांचे थवे उतरतात. हिरवट-पिवळे अंग, राखी डोके, खांद्याजवळ जांभळट डाग आणि पिवळे पाय असूनही पानांत बसलेला पक्षी सहसा दिसत नाही. फळ खाली पडल्याचा आवाज आला म्हणजे वर कोणीतरी आहे, हे कळते. हा पक्षी जमिनीवर क्वचितच येतो.

फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले. ते लिहिणारे राजा बढे नागपूरचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे आणि आवाज शाहीर साबळे यांचा. गीतातल्या नद्यांमध्ये वरदा, म्हणजेच वर्धा आहे, आणि ही नदी यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहते. पूस पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला.