जर्मन घड्याळ, जपानी मशीन

तर मंडळी, मागच्या एपिसोडनंतर तुम्ही विचारलंत, स्वस्तातलं जर्मन मेकॅनिकल घड्याळ खरंच जर्मन असतं का? नेहमीच नाही! फोर्ट्सहाइमची लाको घ्या. 1925 सालची कंपनी, दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांची घड्याळं बनवणारी. तिच्या 'आउग्सबुर्ग'मध्ये मशीन मात्र जपानी, मियोटाचं. ही फसवणूक? मला नाही वाटत. हे मशीन ढीगभर कंपन्या वापरतात, म्हणून स्वस्त पडतं आणि दुरुस्तीवाल्यालाही ओळखीचं असतं. वाचलेल्या पैशात चांगली केस (डोक्यावरचे नव्हेत!) आणि सहजी ओरखडा न पडणारी सफायर काच बसते. याउलट डायलवर 'ग्लासह्युटे' हे गावाचं नाव लावायचं, तर निम्म्याहून जास्त मूल्य तिथेच घडावं लागतं. नोमोस म्हणूनच महाग. पहिलंच घड्याळ असेल, तर मी लाको घेईन.