मुलगा कितव्या पाऱ्यावर आहे हे घरात माहीत असतं, मग गणितात कुठे आहे हे का नाही?

आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही घरात विचारून बघा, मुलगा मकतबमध्ये कुठपर्यंत पोहोचला? अम्मी लगेच सांगेल, कायदा संपला, आता अम्मचा पारा सुरू आहे. दादी सांगेल, कालचा सबक पक्का नव्हता म्हणून हाफिजजींनी आज तोच परत दिला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलासुद्धा हे माहीत असतं.

आता त्याच घरात दुसरा प्रश्न विचारा. मुलगा तिसरीत आहे ना, गणितात सध्या काय चाललंय? बहुतेक घरांत उत्तर येतं, "शाळेत जातो रोज. ट्यूशनपण लावली आहे." यापुढे कुणाला काही सांगता येत नाही.

आईबापांना काळजी नसते असं मुळीच नाही. रिक्षा चालवून, लूमवर बारा तास उभं राहून, आखातात एकटं राहून फी भरणारा बाप बेफिकीर कसा म्हणायचा? खरी गोष्ट अशी आहे की मकतबमध्ये रोजचा सबक ऐकला जातो आणि मूल घरी येऊन तो सांगतं. शाळेची खबर मात्र वर्षातून दोनदा येते, तीही प्रगतिपुस्तकातून.

आमच्या ओळखीतल्या एका घरात जे झालं ते थोडक्यात सांगतो. मुलगा चौथीपर्यंत दर वर्षी पुढच्या वर्गात गेला. प्रगतिपुस्तकात श्रेणी असायची, शेजारी "सुधारणेस वाव आहे" असा शेरा असायचा, बाप सही करायचा. पाचवीत शाळा बदलली तेव्हा नव्या बाईंनी परिच्छेद वाचायला दिला. पोराला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. दुसरीत टायफॉइड झाला होता, तेव्हा तीन आठवडे शाळा बुडाली होती आणि नेमकी तेव्हाच वर्गात जोडाक्षरं शिकवून झाली होती. तीन वर्षं पोरगं अंदाजाने वाचत राहिलं. बापाचं म्हणणं एवढंच होतं की तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर महिनाभरात भरून काढलं असतं. त्याचं म्हणणं आम्हाला बरोबर वाटतं.

आठवड्याचा हिशेब का हवा?

प्राथमिक शाळेतलं शिक्षण भिंतीसारखं असतं. खालची वीट बसली नाही तर वरची डगमगते. पहिलीत मुळाक्षरं, मग काना-मात्रा-वेलांटी, मग जोडाक्षरं, मग वाक्य. उर्दू माध्यमात वेगळी अडचण असते. तिथे एकच हर्फ शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी वेगळ्या रूपात येतो आणि नेहमीच्या लिखाणात जबर, जेर, पेश लिहिलेच जात नाहीत. ज्या आठवड्यात ही रूपं शिकवली जातात तो आठवडा हुकला, तर मूल शब्द ओळखण्याऐवजी पाठ करायला लागतं.

गणिताचं एक उदाहरण घेऊ. ३०२ मधून १४५ वजा करायचे आहेत. उत्तर १५७. पण अनेक मुलं २४३ लिहितात. का? एककात २ मधून ५ जात नाहीत, म्हणून मूल उलटं करतं, ५ मधून २ काढतं, ३ लिहितं. दशकात ० मधून ४ जात नाहीत, तिथेही उलटं करून ४ लिहितं. शतकात ३ मधून १ जाऊन २ उरतात. झाले २४३. मूल आळशी नाही, त्याला हातचा घेणं समजलेलं नाही. त्या आठवड्यात ही चूक पकडली तर दोन दिवसांत सुटते. सहा महिन्यांनी पकडली तर तोवर हेच गणित भागाकारात शिरलेलं असतं. तेव्हा मूल म्हणतं "मला गणित येत नाही", आणि घरचे म्हणतात "याच्या डोक्यात गणित शिरतच नाही".

म्हणून सहामाहीला येणारी खबर उशिरा पोहोचते. रोजची खबर देणं शिक्षकाला झेपणार नाही. आठवडा हे माप दोघांनाही जमणारं आहे.

कायदा काय म्हणतो?

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती त्यांना सांगावी. म्हणजे माझं मूल कुठे आहे हे विचारणं ही मेहरबानी मागणं नाही, तो आपला हक्क आहे.

याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. खासगी विनाअनुदानित शाळांना या समितीची अट नाही. पुढे २०१७ मध्ये प्रत्येक इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती ठरल्या. अध्ययन निष्पत्ती म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय काय यायला हवं त्याची यादी. बालभारतीच्या पुस्तकांत ती सुरुवातीच्या पानांवर छापलेली सापडते. आपण ते पान उलटून थेट पहिल्या धड्यावर जातो. एकदा थांबून वाचा.

आता आपल्या संस्थांचा प्रश्न. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही, मग ती शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका मांडून विषय मोठ्या पीठाकडे पाठवण्याची भूमिका घेतली. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण आपल्या संस्थाचालकांना आमचं सांगणं आहे की सक्ती नसली म्हणून जबाबदारी संपत नाही. उलट संस्था आपली आहे, पोरं आपली आहेत, तर हे काम सगळ्यात आधी आपल्याकडे व्हायला हवं.

चिठ्ठी कशी असावी?

"गृहपाठ: पान ३४ ते ३६" ही माहिती नव्हे. त्यातून आईला काय करायचं ते कळतं, मूल काय शिकलं ते कळत नाही. चिठ्ठी पाच ओळींची असावी, साध्या भाषेत. तिसरीच्या वर्गाची अशी असू शकेल:

१. गणित: तीन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी शिकलो. मधे शून्य असेल तर मुलं अडकतात.
२. भाषा: जोडाक्षरं असलेला उतारा वाचला. मुलाने पाच ओळी न अडखळता वाचायला हव्यात.
३. परिसर अभ्यास: आपला जिल्हा. घरी विचारा, आपला तालुका कोणता, जवळची नदी कोणती?
४. घरी दहा मिनिटं: बाजारातून आणलेल्या सामानाचा हिशेब मुलाकडून करून घ्या.
५. पुढच्या आठवड्यात: गुणाकार. २ ते ५ चे पाढे ऐकून घ्या.

यात एकाही मुलाचं नाव नाही. वर्गाची चिठ्ठी सगळ्यांसाठी असते. एखादं मूल मागे असेल तर ते त्याच्या आईबापाला बाजूला घेऊन, इज्जतीने सांगायचं. गटावर नाव टाकून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली पोरं त्या मुलाला चिडवणार, हे आपण सगळे जाणतो.

पोहोचवायची कशी?

व्हॉट्सॲप ग्रुप जवळजवळ प्रत्येक शाळेचा आहे. अडचण अशी की त्यात सुप्रभात, जुमा मुबारक आणि फॉरवर्ड यांच्या ढिगात शाळेची चिठ्ठी हरवते. त्यामुळे ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच पोस्ट करता येईल अशी सेटिंग ठेवावी. दुसरं, फोन कुणाकडे असतो? बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच, तो अब्बूसोबत कामावर जातो. कोकणातल्या कित्येक घरांत अब्बू दुबईत किंवा सौदीत. तिथे ग्रुपमध्ये बापाचा नंबर असतो आणि पोराला अभ्यासाला बसवते आई. म्हणून नंबर घेतानाच विचारावं की अभ्यास कोण घेतं. नंबर त्या व्यक्तीचा घ्यावा. अब्बू लांब असतील तर त्यांचाही असू द्या. रविवारी व्हिडिओ कॉलवर "वजाबाकी दाखव बघू" म्हणणारा बाप पोराला फार जवळचा वाटतो.

तिसरी गोष्ट भाषेची. मूल मराठी शाळेत, आईचं शिक्षण उर्दूत, घरात बोली दखनी किंवा हिंदुस्तानी. छापील मराठी चिठ्ठी ती कुणाकडून वाचून घेणार? अशा वर्गासाठी एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज सगळ्यात बरा. शाळा उर्दू असेल आणि बाप मराठीच वाचत असेल, तर चिठ्ठी दोन्ही लिपींत लिहून तिचा फोटो टाकावा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी चिठ्ठीची एक प्रत गेटजवळच्या फळ्यावर लावावी.

सर्वात सोपा रस्ता मुलांचा आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटच्या पंधरा मिनिटांत तिसरी-चौथीच्या मुलांनी वहीत स्वतः लिहायचं की या आठवड्यात मी काय शिकलो आणि काय अवघड गेलं. यात उजळणी होते आणि चिठ्ठी आपोआप घरी पोहोचते. पहिली-दुसरीची मुलं चित्र काढतील, तोंडी सांगतील.

शिक्षकांच्या बाजूने

हे वाचून एखादे सर म्हणतील, आमच्यावर आणखी एक काम! त्यांची तक्रार खोटी नाही. ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराची नोंद ठेवा, मतदार यादीचं काम करा, काही शाळांत एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. म्हणूनच चिठ्ठी पाच ओळींपेक्षा मोठी नको. ती नवीन रजिस्टर होऊ नये, तिचा वर अहवाल पाठवायची गरज नसावी. जो पाठ टाचणात आधीच लिहिलेला आहे, तोच सोप्या शब्दांत सांगायचा आहे. आणि पालकांनीही रात्री अकराला फोन करून "सर, माझ्याच मुलाकडे लक्ष नाही" असं करू नये.

घरी काय करायचं?

"आज काय शिकलास?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही." त्याऐवजी म्हणा, "बाईंनी वजाबाकी शिकवली म्हणे, मला करून दाखव." स्वतःला येत नसेल तर उत्तम. मूल शिकवतं तेव्हा त्याला काय समजलं आणि काय नाही ते दिसून येतं. वर दिलेलं गणित बाजाराच्या भाषेत विचारा: ३०२ रुपये होते, १४५ खर्च झाले, २४३ कसे उरतील? १४५ आणि २४३ मिळवले तर ३८८ होतात, एवढे पैसे होते कुठे? मुलाला चूक स्वतःला सापडते.

आणि हात जोडून एक विनंती. चिठ्ठी आली म्हणून मुलाला मार बसायला नको. एकदा मार बसला की मूल चिठ्ठी लपवायला शिकतं, मग आपण पुन्हा अंधारात.

चिठ्ठीच्या खाली पालकांसाठी तीन खुणा असाव्यात: घरी जमलं, घरी अडकलं, वेळ मिळाला नाही. तिसरी खूण करताना लाजू नये. घरात बिड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या आईला खरंच वेळ मिळत नाही. पण हे शिक्षकाला कळलं तर तो त्या मुलाला शाळेतच दहा मिनिटं जास्त देऊ शकतो.

सुरुवात कुठून?

शाळा व्यवस्थापन समितीची किंवा शिक्षक-पालक संघाची पुढची बैठक असेल तेव्हा हा एकच विषय मांडा. एका वर्गापासून, एका महिन्यासाठी. चार शनिवार, चार चिठ्ठ्या. महिन्यानंतर बसून बघा की किती घरांपर्यंत पोहोचली, किती जणांना समजली, कुठे अडलं. मस्जिद कमिटीतल्या, मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरींनी आणि पोरांनी इतकंच करावं, ज्या घरात वाचणारं कुणी नाही तिथे जाऊन चिठ्ठी वाचून दाखवावी.

मकतबमधला सबक पिढ्यान् पिढ्या आपण असाच सांभाळत आलो आहोत. रोज ऐकायचा, कच्चा असेल तर परत घ्यायचा, पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि घरी सगळ्यांना ठाऊक असायचं. ही पद्धत आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. तीच शाळेच्या पुस्तकाला लावायची आहे. या शनिवारी मूल घरी आलं की दप्तर उघडून त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "चल, या आठवड्याचा सबक ऐकव."