ठेवीदाराचा भरवसा नेमका कोणावर?

मुदत ठेवीची पावती घडी घालून कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की आपण निश्चिंत होतो. पैसे मात्र एव्हाना कोणाच्या गृहकर्जात, कोणाच्या यंत्रमागात गेलेले असतात. बँकेच्या हाताशी रोकड थोडीच उरते आणि त्यात गैर काही नाही; हा धंदाच तसा. सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले, तर चोख कारभाराची बँकही पुरी पडणार नाही. म्हणजे आपला भरवसा बँकेइतकाच, किंबहुना जास्त, इतर ठेवीदारांवर असतो: ते आज घरीच बसतील यावर. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये हेच गणितात मांडले आणि २०२२ मध्ये नोबेल मिळवले.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले. सहा महिन्यांत काढता येणार होते फक्त १,००० रुपये! ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण तोवर कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलीचे लग्न अडले होते. दुसऱ्या सहकारी बँकांचे खातेदारही धास्तावले. त्यांची बँक ठणठणीत असली तरी शेजारी पैसे काढायला निघाला, की आपणही चपला घालतोच. याला मूर्खपणा म्हणणे अन्याय आहे.

ही घाई थोपवण्यासाठी ठेव विमा असतो. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि १९६२ मध्ये ठेव विमा महामंडळ उभे राहिले. तेव्हा संरक्षण होते १,५०० रुपयांचे. पीएमसीनंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ते १ लाखावरून ५ लाखांवर गेले. ही रक्कम एका बँकेतल्या एका ठेवीदाराची, मुद्दल-व्याज मिळून. त्याच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागणारे स्वतःचीच समजूत घालत असतात. विम्याचा हप्ता बँक भरते. २०२१ च्या कायदादुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायची सोयही झाली.

पतसंस्थांना मात्र हा विमा लागू नाही. पाटी बँकेसारखी, काउंटर तसाच, पासबुकही तसेच. शिवाय अध्यक्ष आपल्याच आळीतले, लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसणारे. व्याज टक्का-दीड टक्का जास्त मिळते म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी तिथे जाते. तो जादा टक्का कशाबद्दल मिळतो, हे काउंटरवर सहसा कोणी विचारत नाही.