वाळूवरचा ट्रॅक्टर

या पानावर मी एरवी गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा, खताच्या मात्रा असलं काहीबाही लिहितो. आज एका माणसाबद्दल लिहायचं आहे. तो आदर्श शेतकरी नव्हता. त्याला कुठलं बक्षीस मिळालं नाही आणि त्याच्या बागेत कधी शिवारफेरी झाली नाही. पण दापोली तालुक्याच्या किनारपट्टीतल्या त्या गावात त्याच्याशिवाय पालखी उठत नसे. गावाचं आणि त्याचं नाव मुद्दाम देत नाही. त्या बाजूच्या मंडळींना ओळख पटेलच.

मी मूळचा घाटावरचा. पदविका झाली, नोकरी लागली आणि ज्वारी-हरभऱ्याच्या मुलखातून एकदम माडा-पोफळीत येऊन पडलो. २०१६ च्या जानेवारीत एका पहाटे किनाऱ्यावर फिरायला गेलो, तर वाळूवर पाण्यापासून वरपर्यंत चाकाच्या नक्षीसारखा पट्टा उमटलेला. तिथे जाळं विणत बसलेल्या माणसाला मी विचारलं, "दादा, वाळूत ट्रॅक्टर कुणी घातला हो?"

तो इतका हसला की हातातलं जाळं खाली पडलं. म्हणाला, "साहेब, हा ट्रॅक्टर समुद्रातनं येतो आणि अंडी घालून परत जातो!"

ती कासवीण होती, ऑलिव्ह रिडले जातीची. त्याने मला शेजारी बसवून हाताने वाळू उकरून दाखवली. दीड फुटावर घरटं, त्यात शंभराच्या आसपास अंडी, पिंगपाँगच्या चेंडूसारखी. वेळासला २००२ पासून कासव संवर्धनाचं काम सुरू झालं आणि पुढे ते या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत पसरलं. हा गडी त्यातलाच. हिवाळ्यात रात्री-अपरात्री किनारा पालथा घालायचा, अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी गाठायची आणि जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरायची. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघाली की पाण्याच्या दिशेने सोडायची. मानधन मिळो न मिळो, त्याची फेरी चुकली नाही.

गाजेशिवाय झोप नाही

तरुणपणी तो मुंबईला नोकरीला गेला होता. चार महिन्यांत परत आला. कारण विचारलं तर म्हणाला, "तिथे रात्री गाज ऐकू येत नाही, झोप कशी लागणार?" लग्न केलं नाही. घरात तो आणि म्हातारी आई. आठ गुंठे बाग. त्यात माड, पोफळी आणि चार केळी. मासळी मिळाली तर अर्धी वाडीत वाटून टाकायची. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचायला लागला की आपल्यालाही वाटे, पायातली चप्पल काढून फेकावी. मी सुपारीच्या हिशेबाची वही लिहायला सांगितली, तर वही आणली आणि तिच्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते भोगलं आहे. दुपारच्या काही तासांत पन्नास वर्षांच्या बागा आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी हा कोयता आणि कुऱ्हाड घेऊन निघाला. आधी एकट्या बायकांच्या घरांवरची झाडं तोडली, मग देवळाची वाट, मग शाळा. स्वतःच्या बागेत तो आठव्या दिवशी गेला.

पंचनामा करायला मीच होतो. फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर झाली होती. म्हणजे त्याच्या आठ गुंठ्यांना साधारण चार हजार. पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन जमाना झालेला. सामाईक वाटेकरी मुंबई, ठाणे, सुरत असे पांगलेले, सगळ्यांची संमतीपत्रं आणायची कुणी? मी चिडलो तर तो म्हणाला, "साहेब, माड मला ओळखतो. सातबारा ओळखत नाही, तर राहू दे."

पैसे आले नाहीत. त्याच पावसाळ्यात आम्ही दोघांनी त्या बागेत केळीच्या सावलीला पोफळीची रोपं लावली.

माझी चूक

आता जे लिहितो ते स्वतःच्या चुकीबद्दल आहे. २०२३ च्या एप्रिलपासून राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. झाडावरून पडणं, साप चावणं, वीज पडणं, बुडणं हे सगळं त्यात येतं. मी ही योजना गावोगावी सभेत सांगत होतो. वारसनोंदीचा अर्ज खिशात घालून त्याच्याही ओटीवर गेलो होतो. आईने चहा केला, कासवाच्या गोष्टी निघाल्या आणि अर्ज खिशातच परत आला. वाटलं, पुढच्या खेपेला बघू.

२०२४ च्या पावसाळ्याच्या शेवटी एका म्हातारीच्या घरी पूजा होती. तिला नारळ हवे होते. माड ओला होता, याने कमरेला पट्टा लावला नाही. आयुष्यात कधी लावलाच नव्हता. दापोलीला नेताना वाटेतच गेला.

प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात द्यायचा असतो. मी धावलो, पण काय जोडणार? सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. निदान आईचं नाव असतं, तरी खातेदाराचा मुलगा म्हणून तो योजनेत बसला असता. तेही नव्हतं. आईला एक पैसा मिळाला नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, तो कागदाला हात लावणाऱ्यातला नव्हताच." पण मी तर कागदाचाच माणूस आहे ना?

म्हणून सांगतो. घरातलं माणूस गेलं की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती एवढ्यावर काम सुरू होतं. आधी राहून गेलं असेल तरी आज जा. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी भाऊसाहेब, तुम्हालाही विनंती. ज्या माणसाला कागदाचा कंटाळा आहे, त्याच्या घरी आपणच कागद घेऊन जायचं आणि सही घेतल्याशिवाय ओटीवरून उठायचं नाही. माडावर चढणाऱ्यांनी शिडीयंत्र आणि पट्टा वापरावा. नारळ विकास मंडळाची पाडेकऱ्यांसाठी केरा सुरक्षा ही विमा योजना आहे, तिची चौकशी करावी.

२०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम आली, तेव्हा त्या वाडीने एकही घर सोडलं नाही. आईंचं नाव आता सातबाऱ्यावर आहे. वाडीतली घरं पाळीने त्यांच्याकडे मासळी पोचवतात. वाटायची सवय त्यानेच लावलेली. आम्ही लावलेल्या पोफळींपैकी काहींना यंदा पहिला फुलोरा आला.

मागच्या हिवाळ्यात पहाटे किनाऱ्यावर गेलो होतो. वाळूवर तोच ट्रॅक्टरचा पट्टा. वाडीतली दोन पोरं बॅटरी घेऊन माझ्या आधी तिथे पोचली होती. मला म्हणाली, "साहेब, मागे सरा, घरट्यावर पाय पडेल."

मी मागे सरलो.